निर्लेखन खोल्यांचे की शहाणपणाचे?

सरकारी मराठीत ‘निर्लेखन’ असा एक शब्द आहे. मोडकी खुर्ची, गंजलेले कपाट, कायमची बंद पडलेली जीप यांची नोंद जडसंग्रह वहीतून कमी करायची, म्हणजे त्यांचे निर्लेखन करायचे. जिल्हा परिषदेच्या शाळाखोल्यांनाही हाच शब्द लावला जातो. शाळेकडून प्रस्ताव जातो, बांधकाम विभागाचा दाखला मिळतो, वरिष्ठांची मंजुरी येते आणि तीन-चार पिढ्यांना अक्षरओळख करून देणारी वास्तू वहीतून उतरते. मग दगड, सागवानी तुळया आणि कौले यांचा लिलाव होतो. शाळेचा दरवाजा कोणाच्या तरी गोठ्याला लागतो. जिथे शाळा उभी होती तिथे काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी, दोन चौकोनी खोल्या उभ्या राहतात. या खोल्या कोकणात, विदर्भात आणि मराठवाड्यात सारख्याच दिसतात.

जीव घेणारी खोली पाडलीच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे शाळेची इमारत कोसळली आणि सात मुलांचा बळी गेला. ज्या घरातले मूल शाळेत जाऊन परत आले नाही, त्या घरासमोर वारशाचे गोडवे गाण्याचा अधिकार कोणालाही नाही. येथे वाद आहे तो विचारांच्या क्रमाशी. जुन्या शाळेपुढे उभे राहिल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो, “इमारत किती वर्षांची?” आणि पुष्कळदा तोच शेवटचाही ठरतो. भिंत कशामुळे फुगली, पाणी कोठून मुरते, तुळईचे कोणते टोक कुजले, दुरुस्ती शक्य आहे काय, असल्यास तिचा खर्च किती, हे प्रश्न कागदावर येतच नाहीत. जुने ते धोक्याचे आणि स्लॅबचे ते सुरक्षित, हे समीकरण आता इतके रुजले आहे की त्याला अंधश्रद्धाच म्हणावे लागेल. अंधश्रद्धा निर्मूलनाचे धडे ज्या वर्गात शिकवायचे, त्या वर्गाचेच भवितव्य तिच्या आधारे ठरावे, हा विलक्षण विरोधाभास आहे.

ढोकीचा टापू

या समीकरणाची परीक्षा घ्यायची तर धाराशिव जिल्ह्यातील ढोकी आणि तिच्या आसपासचा टापू पाहावा. तेरणा साखर कारखान्यामुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेले हे गाव बार्शी लाईट रेल्वेच्या वाटेवरचे. आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत १८९७ साली सुरू झालेला हा अडीच फुटी रुळांचा मार्ग १९११ साली लातूरला पोहोचला. बार्शी इंग्रजांच्या अमलाखाली, तर लातूर निजामाच्या. एकाच गाडीत बसलेला प्रवासी एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत उतरत असे. हे रूळ रुंद व्हायला २००७-०८ उजाडले.

ढोकीच्या शेजारी तेर आहे. संत गोरोबाकाकांचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. तेथील त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे असून महाराष्ट्रातील अतिप्राचीन उभ्या वास्तूंमध्ये त्याची गणना होते. भाजलेल्या मातीने बांधलेली वास्तू किती शतके ऊनपाऊस सोसते, हे पाहण्यासाठी ढोकीच्या गवंड्याला परदेशी जावे लागत नव्हते. या परिसरात घडविणाऱ्यांचा वंश होता. दगड फोडणारा वडार, तो घडविणारा पाथरवट, रचणारा गवंडी आणि तुळई बसविणारा सुतार यांच्या हातांत परंपरेने आलेले शास्त्र होते. ते पुस्तकात नव्हते, म्हणून ते नव्हतेच असे मानण्याची खोड पुढे आपल्याला लागली.

‘इमारत नाही, म्हणून शाळा नाही’

या खोडीचे मूळ जुने आहे. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलचे सदस्य प्रेंडरगास्ट यांनी १८२१ साली अशा आशयाची नोंद केली होती की, या मुलखात एकही शाळा नसलेले गाव क्वचितच आढळेल. मद्रास इलाख्यात गव्हर्नर मन्रो यांनी १८२२ पासून शाळांची पाहणी करविली, तेव्हा गावोगावी चालणाऱ्या शाळांचे असेच जाळे पुढे आले. या शाळा भरत कोठे? देवळाच्या सभामंडपात, गावच्या चावडीत, वाड्याच्या ओसरीवर, प्रसंगी पिंपळाच्या पारावर. पंतोजींपाशी इमारत नव्हती, शाळा मात्र होती.

पुढे इंग्रजी अमलात शाळेची व्याख्या बदलली. मान्यता हवी तर ठरावीक इमारत हवी, ठरावीक साहित्य हवे, ठरावीक नोंदवह्या हव्यात. ज्यांच्यापाशी हे नव्हते त्या शाळा हिशेबातून गळाल्या. २० ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनच्या चॅटम हाऊसमध्ये गांधीजींनी नेमका याच गोष्टीवर बोट ठेवले. गावच्या शाळेला इमारतीची आणि सरंजामाची अट घातली गेली, ती गरीब देशाला परवडणारी नव्हती आणि त्यातून भारत पूर्वीपेक्षा अधिक निरक्षर झाला, असे त्यांचे प्रतिपादन होते. सर फिलिप हार्टोग यांनी त्याला आव्हान दिले आणि वाद कित्येक वर्षे चालला. गांधीवादी विचारवंत धर्मपाल यांनी मन्रोकालीन कागदपत्रे शोधून काढली आणि १९८३ साली ‘द ब्युटिफुल ट्री’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्या ग्रंथाचे नाव गांधीजींच्या याच भाषणातून आले आहे.

शंभर-दोनशे वर्षांपूर्वी ‘इमारत नाही, म्हणून ही शाळा नव्हे’ असे सांगून देशी शाळा कागदावरून पुसल्या गेल्या. आज ‘स्लॅब नाही, म्हणून ही इमारत नव्हे’ असे सांगून जुन्या शाळा जमिनीवरून पुसल्या जात आहेत. परकीय गेला, पण गावातील वस्तू बाहेरच्या फूटपट्टीने मोजण्याची त्याची रीत आपण जपून ठेवली. मेकॉलेला दोष देणे सोपे आहे. त्याची फूटपट्टी स्वतःच्या हातातून खाली ठेवणे मात्र अजून जमलेले नाही.

दगडात लिहिलेले शास्त्र

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत खेड्यापाड्यांतून ज्या शाळा बांधल्या गेल्या, त्यांनी एक समन्वय साधला होता हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. नकाशा बहुधा सरकारी असे. बांधणारे हात मात्र गावचे असत आणि ते हात नकाशाला आपल्या मातीचे वळण देत. मंगळुरात १८६५ साली कारखान्यात तयार होऊ लागलेले कौल या शाळांवर चढले. भिंत राहिली ती काळ्या दगडाची आणि चुन्याची. नवे स्वीकारले गेले, आपले सोडले गेले नाही.

अशा शाळेची ठेवण डोळ्यांपुढे आणावी. आधी उंच जोते. मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यायचा आणि जोते जमिनीपासून चांगले वर काढायचे. हा नियम पाळला नाही तर भिंतीला तडे जातात, मग ती दगडाची असो वा सिमेंटची. नव्या खोल्या काही वर्षांतच कोपऱ्यातून तडकतात तेव्हा दोष सिमेंटचा नसतो, घाईचा असतो.

नंतर दीड-दोन फूट जाडीची भिंत. दगड सावकाश तापतो. सकाळपासून बाहेरून बसणारी उन्हाची झळ आतल्या अंगाला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर शाळा सुटलेली असते. चार-पाच इंचांच्या काँक्रीट स्लॅबचा खालचा भाग दुपारीच तापू लागतो, म्हणजे नेमका वर्ग भरलेला असताना. पत्र्याला तर तेवढाही विलंब लागत नाही.

त्यावर उतरते कौलारू छप्पर. कौलांच्या फटींतून आणि भिंतीच्या माथ्यालगतच्या झरोक्यांतून तापलेली हवा वर निघून जाते. तिच्या जागी खालच्या खिडक्यांतून ताजी हवा आत येते. पंख्याचा शोध आणि विजेची जोडणी यांची वाट न पाहता ही व्यवस्था चालत असे. आजही वीज गेली की चालते. विद्यार्थी असे बसविले जात की मोठ्या खिडक्यांचा उजेड डाव्या हाताकडून यावा आणि उजव्या हाताची सावली पाटीवर पडू नये. बांधणाऱ्याने मुलाचा हात डोळ्यांपुढे ठेवून खिडकीची जागा ठरविली होती.

सर्वांत महत्त्वाची ओसरी. समोरच्या बाजूला खांबांवर तोललेली ही लांब पडवी भिंतीला ऊन आणि पाऊस लागू देत नाही. पट वाढला की तिथे एक वर्ग बसतो. मुलाला घेऊन आलेले पालक तिथे टेकतात. पावसाळ्यात मुलांची पंगत तिथे बसते. घराचा उंबरा आणि शाळेची शिस्त यांच्यामधले हे अंतर प्रेमाने ओलांडायला लावणारी जागा म्हणजे ओसरी. पहिलीत पाऊल टाकणाऱ्या भेदरलेल्या मुलासाठी तिचे मोल कोणत्याही अंदाजपत्रकात मांडता येणार नाही.

शाळा कोणाची?

ढोकीच्या मुलखात शाळेला आणखी एक प्रश्न विचारला जात होता, शाळा कोणाची? धाराशिवचे नाव तेव्हा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून उस्मानाबाद झालेले होते. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. बहुसंख्य प्रजेची मातृभाषा मराठी, तेलुगू किंवा कन्नड, आणि वरच्या शिक्षणाची दारे तिसऱ्याच भाषेतून उघडणारी. खासगी शाळा चालविण्यासही सरकारची परवानगी लागे. उर्दू ही याच देशात घडलेली भाषा. तिच्याशी वैर असण्याचे कारण नाही. आक्षेप होता तो मुलाची भाषा शाळेच्या दाराबाहेर उभी करण्याला.

याच जिल्ह्यातील हिप्परगा या गावाने त्याला उत्तर दिले. १९२१ साली तेथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व ज्या संन्याशाने केले, तो या खेड्यातील शाळेत मास्तर होता, हे मराठवाड्यातील किती शाळांच्या भिंतीवर लिहिलेले आहे? १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, त्याच्या कितीतरी आधी समाजाने शाळेच्या रूपाने स्वराज्याचा एक तुकडा उभा केला होता. तो उभा करण्यासाठी अनुदानाची वाट पाहिली गेली नव्हती. हीच परंपरा १९९३ च्या भूकंपानंतर ज्ञान प्रबोधिनीने लोहारा तालुक्यात हराळी येथे शाळा उभारून पुढे चालविली.

ओसरीवरचा डाग

जुन्या शाळेची बाजू मांडणाऱ्याने एक सत्य झाकून ठेवता कामा नये. ज्या ओसरीचे कौतुक वर केले, त्याच ओसरीवर कित्येक वर्षे अस्पृश्य मानलेल्या मुलांना वर्गाबाहेर बसविले गेले. भिंत दगडाची होती, पण त्याहून जाड भिंत माणसांच्या मनात होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. त्याला बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि तहान लागली तर दुसऱ्याने वरून पाणी ओतण्याची वाट पाहावी लागे. तो दिवस आज महाराष्ट्र ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळतो. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला आणि सरकारी खर्चाच्या पाणवठ्यांबरोबर शाळाही सर्वांना खुल्या कराव्यात असे ठरले. कागदावरचे हे दार प्रत्यक्षात उघडायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली. हिंदू समाजाने हा इतिहास दुसऱ्याच्या माथी मारू नये. तो आपला आहे आणि त्याचे परिमार्जनही आपणच केले पाहिजे.

परिमार्जनाची एक खूण ढोकीच्या शेजारीच आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. त्या परिषदेसाठी आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा मुक्काम तेथील शाळेच्या इमारतीत होता. ज्याला लहानपणी वर्गात गोणपाटावर बसावे लागले, त्याच्या मुक्कामाने खेड्यातील एक शाळा पावन झाली. त्या वास्तूची ओळख आज त्या मुक्कामामुळे आहे आणि तिच्या जतनाची भाषा सर्व पक्ष करतात. ते योग्यच आहे.

पण येथे एक प्रश्न उभा राहतो. तो मुक्काम घडला नसता तर? दगडाची, शेकडो मुलांना शिकविणारी तीच इमारत एखाद्या प्रस्तावातील एक ओळ बनली असती. प्रत्येक गावच्या शाळेला वाचण्यासाठी महापुरुषाचा मुक्काम घडावाच लागतो काय? आणि ओसरीवर डाग होता म्हणून ओसरीच पाडायची, हा न्याय लावला तर देऊळ, पाणवठा, पंगत यांतले काय शिल्लक उरेल? डाग धुवायचा असतो. ज्या ओसरीवर काही मुले वेगळी बसविली गेली, त्याच ओसरीवर आज सर्व मुले एका पंगतीत जेवतात. हे दृश्य त्या जागेवरच पाहण्यात अर्थ आहे. जागाच नाहीशी केली तर चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही विसरल्या जातील.

शिवाय ही घरे घडविली कोणी? ज्या वडार, पाथरवट, बेलदारांच्या मुलांना शाळेचे दार उशिरा उघडले, त्यांच्याच बापजाद्यांनी त्या शाळेच्या भिंती रचल्या. लिहिता येत नसलेल्या माणसांनी लिहून ठेवलेला तो ग्रंथ आहे. त्याचे निर्लेखन करणे हा त्यांच्या कर्तृत्वावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय.

पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे

‘हे सारे ठीक, पण किल्लारीचे काय?’ असा प्रश्न या जिल्ह्यात कोणीही विचारील. तो विचारलाच पाहिजे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरसह अनेक गावे जमीनदोस्त झाली. आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. बहुतेक जण गाडले गेले ते दगडमातीच्या घरांखाली. त्या दिवसापासून दगडी भिंतीची जी भीती मराठवाड्याच्या मनात बसली, ती समजण्यासारखी आहे.

मात्र भीतीने प्रश्न विचारायचे थांबविता कामा नये. कोसळले ते काय आणि का? गोलसर, न घडविलेले दगड चिखलात रचून केलेल्या जाड भिंती होत्या. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर यांना बांधून ठेवणारे, आरपार जाणारे लांब दगड त्यात नव्हते. हादरा बसताच दोन थर दोन बाजूंना कोसळले. माळवदावर गळती थांबविण्यासाठी दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर चढविला जाई आणि अशा रीतीने माथ्यावरचा भार पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला होता. पण जिथे लाकडी खांब आणि तुळया यांचा सांगाडा नीट जोडलेला होता, तिथे भिंती ढासळूनही छत खांबांवर तरल्याचे भूकंपानंतरच्या पाहण्यांत आढळले. दोष दगडाचा नव्हता, दगड बांधण्याच्या विसरलेल्या रीतीचा होता. लाकूड महागले, कसबी गवंडी दुरावला आणि शास्त्रातील एकेक कलम गळत गेले. परंपरा बुडाली होती, म्हणून घरे बुडाली.

आधुनिक शास्त्र याहून वेगळे काही सांगत नाही. भूकंपाच्या वर्षीच प्रसिद्ध झालेल्या भारतीय मानक १३८२८ मध्ये दगडी बांधकाम निषिद्ध ठरविलेले नाही. भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नसावी, उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि लांबीत दर १.२ मीटरला आरपार जाणारा दगड असावा, जोते, दाराचा माथा आणि छत या पातळ्यांवर भिंतीला सलग पट्टा बांधावा, असे ते मानक सांगते. त्याच वर्षीचे मानक १३९३५ जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि मजबुतीकरण कसे करावे याविषयी आहे. भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण याच मार्गाने झाले. म्हणजे घर न पाडता सुरक्षित करण्याचा भारतातील एक मोठा प्रयोग याच भूमीत झाला. मग त्या अनुभवाचा लाभ शाळांना का मिळू नये? घर वाचविता येते आणि शाळा वाचविता येत नाही, याला कोणते अभियांत्रिकी शास्त्र म्हणायचे?

सर्व ऋतूंची इमारत

आता या जुन्या शाळेच्या जागी येते काय ते पाहावे. १९८७ साली ‘खडू-फळा’ मोहीम सुरू झाली, तेव्हा प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन मोठ्या, सर्व ऋतूंत वापरता येतील अशा खोल्या आणि पुढे खोल पडवी असावी, असे तिच्या कल्पनेतच होते. पडवीचे महत्त्व तेव्हा दिल्लीला कळले होते. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण, कुंपण, सर्वांना प्रवेश करता येईल असा मार्ग, अशा अटी आहेत. प्रत्येक अट आवश्यकच आहे. पण खोलीत उजेड कसा यावा, हवा कशी खेळावी, ऊन कसे अडवावे याविषयी त्या अनुसूचीत शब्द नाही. ओसरी कागदावरून गेली आणि पाठोपाठ नकाशावरूनही जाऊ लागली.

कायद्याचे शब्द ‘सर्व ऋतूंची इमारत’ असे आहेत. २०२५ साली महाराष्ट्रात पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत ठेवल्या गेल्या. एप्रिलमध्ये मराठवाड्यात पारा चाळीस अंशांवर जातो, हे सांगण्यास हवामान खाते लागत नाही. ज्या पत्र्याखाली वा उघड्या स्लॅबखाली दुपारी बसवत नाही म्हणून शाळा सकाळी भरवावी लागते, ती इमारत सर्व ऋतूंची कशी म्हणायची? शंभर वर्षांपूर्वी बांधणाऱ्याला हा शब्द ठाऊक नव्हता, त्याचा अर्थ मात्र ठाऊक होता.

जुन्या इमारतीची दुरुस्ती होते तेव्हाही अज्ञानच आडवे येते. चुन्यात बांधलेली भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, दगडांमधला चुना भुसभुशीत होतो, भिंत फुगते आणि मग ती ‘जीर्ण’ ठरते. चुकीचे औषध द्यायचे आणि रोगी दगावला की त्याच्या वयाकडे बोट दाखवायचे, असा हा उपचार आहे.

ग्रामसभेचे काम

१९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेल्या. त्यामागचा हेतू शिक्षण लोकांच्या जवळ आणण्याचा होता. प्रत्यक्षात ‘शाळा सरकारची’ ही भावना वाढली. जोवर शाळा गावाची होती तोवर गळके कौल गावच बदलत असे. सरकारची झाली आणि कौल बदलण्यासाठी निधीची वाट पाहिली जाऊ लागली. निधी येईपर्यंत वासा कुजतो, वासा कुजला की छत वाकते आणि छत वाकले की प्रस्ताव तयार होतो. निर्लेखनाची खरी सुरुवात या पहिल्या न बदललेल्या कौलापासून होते.

म्हणून केवळ शासनाला दोष देऊन भागणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत बसलेले पालक, माजी विद्यार्थी आणि गावोगावचे कार्यकर्ते यांनी काही गोष्टी आग्रहाने मागितल्या पाहिजेत. संरचना जाणणाऱ्या अभियंत्याने प्रत्यक्ष तपासणी करून दुरुस्ती का शक्य नाही हे लेखी दिल्याखेरीज कोणत्याही दगडी शाळेचे निर्लेखन होऊ नये. तो अहवाल ग्रामसभेत वाचला जावा. तपासणी होईपर्यंत मुलांना त्या खोलीत बसवू नये, यात कोणतीही तडजोड नको. इमारत वाचत नसेल तर पाडण्यापूर्वी तिचे मोजमाप, नकाशा आणि छायाचित्रे करून ती शाळेतच जतन करावीत. नव्या बांधकामात घडीव दगड, तुळया आणि खांब यांचा पुन्हा वापर व्हावा. आणि नवी खोली कोणत्याही साहित्याची असो, तिला उंच जोते, भूकंपरोधक पट्टे, झरोके आणि ओसरी असलीच पाहिजे. चुन्याचे काम जाणणारे वयस्कर गवंडी अजून काही गावांत आहेत. त्यांच्या हाताखाली चार तरुण शिकले तर शाळेबरोबर एक विद्याही वाचेल.

यासाठी फार मोठ्या पैशाची गरज नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी एखाद्या रविवारी गावातील दहा जणांनी एकत्र यावे. शिडी लावून छपरावर चढावे, फुटलेली कौले मोजावीत, भिंतीलगत साचणारे पाणी कोठून येते ते पाहावे, मोजपट्टी घेऊन ओसरीची लांबी लिहून घ्यावी. हिप्परग्याच्या माणसांनी परक्या राजवटीत राष्ट्रीय शाळा उभी केली. स्वराज्यातील गावाला उभी असलेली शाळा राखता येऊ नये, असे कोणते बंधन आज आपल्यावर आहे?